आँ? : कूळ नसलेल्या शब्दाची कुळकथा

मराठी घरात मुलाने थोरल्या माणसाला ‘आँ?’ केलं की दटावणी ठरलेली. आँ काय आँ? नीट ‘काय म्हणालात’ म्हण. हाक आली तर ‘ओ’ द्यावी, ऐकू आलं नाही तर ‘काय’ म्हणावं, आँ करून उभं राहू नये. पुढे इंग्रजी शाळा ‘पार्डन’ शिकवते आणि ऑफिस ‘सॉरी?’. डच घरांतही फार वेगळं नसतं. तिथलं मूल ‘हॅ?’ म्हणतं आणि मोठी माणसं त्याला ‘आपण काय म्हणालात’ असं बोलायला लावतात. शिवाय तिथे ‘दोन शब्दांत बोल’ असा एक जुना दंडक आहे. नुसतं ‘हो’ चालत नाही, ‘हो, बाई’ म्हणायचं. ‘हॅ?’ तर त्यांच्या हिशेबी अर्धाही शब्द नाही.

या अर्ध्या शब्दाची देशोदेशी चौकशी झाली ती मात्र याच डचांच्या देशातून. त्या चौकशीचं मूळ बरंच लांब, अमेरिकेत आहे, आणि तेही एका बनवाबनवीत.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात येणारे फोन ध्वनिमुद्रित होत असत. हार्वी सॅक्स हा तरुण समाजशास्त्रज्ञ ते ऐकत बसे. केंद्राची एक अडचण होती. फोन करणारे लोक नाव सांगत नसत. मग मदतनीस आधी स्वतःचं नाव सांगायचा, म्हणजे रीतीप्रमाणे समोरचाही सांगेल अशी आशा. एका फोनवर मदतनीसाने नाव सांगितलं आणि पलीकडचा म्हणाला, ऐकू आलं नाही. मदतनीसाने नाव पुन्हा सांगितलं. पलीकडच्याने ते घोळवून म्हटलं, आणि या देवाणघेवाणीत त्याची स्वतःचं नाव सांगण्याची पाळी निघून गेली. सॅक्सच्या ध्यानात आलं, की ‘ऐकू आलं नाही’ हे दर वेळी कानाचं गाऱ्हाणं नसतं. संभाषणात ती एक चाल असते, तिची जागा ठरलेली असते आणि तिच्यापुढे काय यायचं तेही ठरलेलं असतं. आपल्याकडे उधारी मागणाऱ्याला फोनवर ‘हॅलो, आवाज कटतोय’ म्हणणाऱ्यांना हे शिकवायला कुणा सॅक्सची गरज पडली नाही, हा भाग वेगळा.

सॅक्स 1975 मध्ये मोटार अपघातात गेला. त्याची व्याख्यानं टिकली ती गेल जेफरसनमुळे. ही बाई मूळची टंकलेखिका. तुरुंगातल्या पहारेकऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गांच्या फिती ऐकून उतरवून काढण्याचं काम तिने केलेलं. कचेरीतला टंकलेखक जे गाळतो तेच तिने टिपायला घेतलं. कोण कुणाच्या बोलण्यावर चढलं ते चौकटी कंसात, शांतता किती वेळ टिकली ते सेकंदाच्या दहाव्या भागात, आत घेतलेला श्वास, अर्ध्यात तुटलेला शब्द, हसत हसत बोललेलं अक्षर. आज जगभर संभाषणाचे अभ्यासक जी लिपी वापरतात ती ही. सॅक्स, जेफरसन आणि इमॅन्युएल शेग्लॉफ या तिघांचा 1977 चा निबंध बोलण्यातल्या ‘दुरुस्ती’वर आहे. चुकलं, ऐकू आलं नाही, कळलं नाही, तर माणसं गाडी रुळावर कशी आणतात, हा त्याचा विषय. जेफरसन पुढे नेदरलँड्सला आली आणि उत्तरेकडच्या फ्रीसलँड प्रांतात रिन्सुमाखेस्त नावाच्या खेड्यात राहिली. तिथेच 2008 मध्ये वारली. तिचा 1989 चा एक निबंध, माणसं गप्पांत जास्तीत जास्त किती वेळ गप्प बसणं सहन करतात यावर आहे. उत्तर निघालं साधारण एक सेकंद. एका सेकंदावर निबंध लिहायचा म्हणजे कमालच, पण तो वाचल्यावर चहाच्या टेबलावरचा प्रत्येक अवघडलेला क्षण मोजावासा वाटतो.

दुसरा धागा वाल नदीकाठच्या नाइमेखनचा. जर्मन सीमेजवळच्या या जुन्या शहरात 1980 पासून माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्था आहे. माक्स प्लांक सोसायटी जर्मन, जमीन डच. संस्थापक विलेम लेव्हेल्ट यांना प्रश्न पडलेला असा, की मनात आलेली गोष्ट ओठांवर येईपर्यंत आत काय काय घडतं. 1989 मध्ये त्यांचा यावरचा जाडजूड ग्रंथ आला. चित्र दाखवून त्याचं नाव सांगायला लावलं, तर एक साधा शब्द तोंडातून बाहेर पडायला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. आधी कल्पना, मग शब्द, मग त्याचे ध्वनी, मग जिभेला हुकूम, अशा पायऱ्या त्यात आहेत.

आता दुसरा आकडा घ्या. 2009 मध्ये याच संस्थेतून टान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांतले प्रश्न आणि त्यांची उत्तरं मोजली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. जपानी सगळ्यांत चपळ, डॅनिश सगळ्यांत सावकाश, पण सरासरीपासून दोन्हीकडे फरक साधारण पाव सेकंदाचाच. म्हणजे शब्द तयार व्हायला 600 लागतात आणि आपण 200 मध्ये बोलू लागतो. याचा अर्थ एकच. समोरचा अजून बोलत असतानाच आपलं उत्तर आत शिजू लागलेलं असतं, आणि त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाजही आपण बांधलेला असतो. ‘माझं बोलणं पूर्ण ऐकून तरी घे’ ही तक्रार अगदी खरी आहे. पूर्ण ऐकून मग विचार करायला बसलं, तर गप्पा म्हणून काही उरणार नाही.

मग ऐकूच आलं नाही तर? उत्तराची जुळवाजुळव कशाच्या जोरावर करणार? पाळी तर अंगावर आलेली. इथे आपला ‘आँ?’ येतो.

मार्क डिंगेमान्से हा डच भाषाशास्त्रज्ञ घानामध्ये सिवू भाषेवर काम करत होता. त्याचा मूळ विषय त्या भाषेतले अनुकरणवाचक शब्द, म्हणजे आपल्या लखलख, गुळगुळीत, धपकन या जातीचे. लाओ भाषेचे जाणकार निक एनफील्ड आणि ध्वनिशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को टोरेरा यांच्याबरोबर त्याने ‘आँ?’चा माग काढला. इक्वेडोरमधली चापला, उत्तर ऑस्ट्रेलियातली मुर्रिन-पाथा, सिवू, लाओ, आइसलँडी, रशियन, इटालियन, स्पॅनिश, चिनी आणि घरची डच, अशा दहा भाषांतली खरीखुरी घरगुती संभाषणं घेतली. आणखी एकवीस भाषांची माहिती छापील साहित्य वगैरेंतून जमवली. प्रयोगशाळेत बसवून बोलायला लावलेलं काही नाही. कुणी स्वयंपाक करतंय, कुणी अंगणात बसलंय, आणि कॅमेरा चालू. नंतर ते चित्रण संगणकावर चढवायचं. नाइमेखनलाच तयार झालेली ‘एलान’ नावाची संगणकप्रणाली यासाठी वापरतात. वर चित्र, खाली आवाजाची लहर, त्याखाली प्रत्येक बोलणाऱ्याची एक ओळ. लहरीवर माउस धरून अर्ध्या सेकंदाचा तुकडा निवडायचा, परत ऐकायचा, परत ऐकायचा, आणि त्या ओळीत ‘आँ’ लिहायचं. हे काम ज्याने केलं आहे त्याच्याशी संध्याकाळी कुणी गप्पा मारायला जाऊ नये.

2013 मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. स्पॅनिश ‘ए?’, इटालियनही ‘ए?’, आइसलँडी ‘हा?’, चापला ‘आ?’, लाओत नाकातून येणारा ‘हाँ?’, डच ‘हॅ?’. एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या भाषांत एकाच कामाला जवळजवळ एकच आवाज. एरवी भाषांत असं होत नाही. कुत्र्याला मराठीत कुत्रा, डचमध्ये होंट आणि फ्रेंचमध्ये शियँ म्हणतात, आणि त्यातला एकही आवाज कुत्र्याला जास्त शोभतो असं म्हणता येत नाही.

यावर पहिली शंका अशी, की हा शब्दच नाही, शिंकेसारखी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पण शिंक शिकावी लागत नाही, आणि ‘आँ?’ तान्ह्या मुलाला येत नाही. तो कुठे वापरायचा हे मूल हळूहळू शिकतं. शिवाय प्रत्येक भाषा त्याला आपल्या वळणावर आणते. स्पॅनिश लिखाणातला ह उच्चारायचा नसतो, म्हणून तिथे नुसता स्वर. बहुतेक भाषांत हा शब्द चढत्या सुरात येतो, पण आइसलँडी आणि चापला भाषांत प्रश्नाचा सूरच उतरता, तर तिथला ‘हा?’ आणि ‘आ?’ही उतरता.

दुसरी शंका, सगळ्यांचा पूर्वज एक असेल. तेही पटत नाही. हजारो वर्षांत भाषांचे ध्वनी ओळखू न येण्याइतके बदलतात, मग हा एकटाच कसा तसाच राहिला? संशोधकांचं उत्तर जीवशास्त्रातून आलं. वटवाघूळ आणि चिमणी यांना पंख एका पूर्वजाकडून मिळालेले नाहीत. हवेत उडायचं तर तसंच काहीतरी लागतं, म्हणून दोघांकडे ते वेगवेगळं घडलं. ‘आँ?’वर प्रत्येक भाषेत तोच दाब आहे. पाळी आलेली, हातात मजकूर नाही, जुळवाजुळवीला वेळ नाही. अशा वेळी जीभ जिथे आहे तिथेच ठेवून, तोंड जरा उघडून, कमीत कमी कष्टांत निघणारा स्वर आणि त्याला प्रश्नाचा सूर एवढंच परवडतं. दहा ठिकाणी दहा वेळा माणसं त्याच आवाजाशी येऊन ठेपली. म्हणून याची वंशावळ काढता येत नाही. मराठीने ‘आँ?’ संस्कृतातून घेतला की प्राकृतातून, हा प्रश्नच इथे लागू पडत नाही.

2015 मध्ये या निबंधाला साहित्याचं इग्नोबेल मिळालं, आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळतं ते. असा शब्द बहुधा प्रत्येक भाषेत आहे हे शोधल्याबद्दल, आणि तो का आहे याची पुरती खात्री नसल्याबद्दल, असं काहीसं मानपत्र होतं.

त्याच वर्षी याच गटाने व्याप वाढवून बारा भाषा तपासल्या. त्यातली एक अर्जेंटिनाची सांकेतिक भाषा. घरगुती गप्पांत दर 1.4 मिनिटांनी, म्हणजे साधारण 84 सेकंदांनी, कुणीतरी कुणाला थांबवून ‘काय?’, ‘कोण?’, ‘म्हणजे काल ना?’ असं विचारतं. सगळ्याच भाषांत. या तीन प्रकारांतही एक रीत दिसली. ‘म्हणजे काल ना?’ विचारता येत असेल तर माणसं ‘कधी?’ विचारत नाहीत, आणि ‘कधी?’ विचारता येत असेल तर ‘आँ?’ म्हणत नाहीत. स्वतः थोडं जास्त कष्ट घेऊन समोरच्याचे वाचवतात. ‘आँ?’ म्हणजे सगळा भार दुसऱ्यावर टाकणं, सगळं पुन्हा सांग म्हणणं. आपल्या आज्यांना त्यात जो उद्धटपणा दिसतो त्याला एवढा आधार नक्की आहे. अर्जेंटिनाच्या कर्णबधिर मंडळींची एक तऱ्हा तर फार छान आहे. कळलं नाही की हात जिथल्या तिथे थिजवून समोरच्याकडे नुसतं टक लावून बघायचं. समोरचा मुकाट्याने पुन्हा सांगतो. आपल्याकडे हे तंत्र गणिताच्या मास्तरांकडे होतं.

हे सगळं किती नाजूक मापावर चालतं ते कळायला नेदरलँड्सच्या आम्सतेल्फेनमधल्या एखाद्या मराठी घरातला रविवारचा व्हिडिओ कॉल पाहावा. मुलगा तिथे, आई साताऱ्याला.

“जेवलास का रे?”
इकडे शांतता. मग दोघं एकदम, “हो आई, आत्ताच” आणि “अरे, ऐकू येतंय का?” मग दोघं एकदम गप्प. मग पुन्हा दोघं एकदम, “तू बोल.”

यात कुणाच्या कानाचा दोष नाही आणि मायेचाही नाही. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला 150 मिलिसेकंदांपर्यंत लागले तर चालतं, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा संकेत आहे. जाळं मंदावलं की तो ओलांडला जातो. जाऊन-येऊन उशीर दुप्पट होतो, आणि जिथे 200 चा पायंडा तिथे एवढी भर पडली की मुलाचं चटकन दिलेलं उत्तरही आईला घुटमळल्यासारखं ऐकू जातं. मग ‘काही झालंय का तुला?’ सुरू होतं.

डिंगेमान्से आता नाइमेखनच्याच राडबाउड विद्यापीठात आहे, आणि बोललेलं ऐकून टंकणाऱ्या यंत्रांचीही परीक्षा त्याच्या गटाने घेतली आहे. यंत्रांना लांब, स्वच्छ वाक्यं जमतात. ‘हं’, ‘अं’, ‘आँ?’ यांच्याशी आणि दोघांनी एकदम बोलण्याशी ती अडखळतात आणि पुष्कळदा हे आवाज सरळ गाळतात, पूर्वीच्या टंकलेखकांनी गाळले तसे. फोनमधल्या सहायकाला अर्धवट ऐकू आलं तर तो भलतंच गाणं लावून मोकळा होतो. सभ्य असला तर तुमचं बोलणं समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा, असं लांबलचक वाक्य म्हणतो. तोवर पाळी गेलेली असते, आणि आपण त्याच्यावर ओरडत असतो.