राखणीत गेलेलं बालपण

उद्योजकाच्या चरित्राचं पहिलं प्रकरण बहुधा शिक्षणाचं असतं. सोलापूरच्या डॉक्टर वासुदेवराव किर्लोस्करांचे चिरंजीव शंकरराव हे पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकले आणि १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. पुढचं ‘किर्लोस्कर’ मासिक ते हेच. अशा प्रकरणात मुलाची हुशारी येते, वडिलांचं घर येतं. मुलाला मिळालेले मोकळे तास मात्र हिशेबात धरले जात नाहीत. डहाणू-तलासरीचा इतिहास वाचताना ते धरावेच लागतात. त्याच १९२० साली बोर्डीच्या किनाऱ्यावर गोखले एज्युकेशन सोसायटीचं हायस्कूल उघडलं, आचार्य भिसे यांच्यासारखा शिक्षक त्याला लाभला. तरीही मागच्या जंगलपट्टीतल्या वारली पोरांना ती शाळा लांबचीच राहिली.

त्यांना शिक्षणाची गोडीच नाही, हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. ते टिकत नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बालवाडीपर्यंत मुलं येईनात, तेव्हा बाईच पाड्यावर जाऊन कुणाच्या तरी अंगणात बसू लागल्या. शंखशिंपले, बिया, पानं हेच साहित्य. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर सरकारी झालेला शब्द या खटपटीतून आला. गुरं राखणाऱ्यांसाठी तर थेट कुरणातच शाळा भरली. गोडी नव्हती म्हणावं, तर जागा बदलल्यावर ती आली कुठून?

दुसरा आक्षेप वजनदार आहे: खरा प्रश्न जमिनीचा होता, पाटी-पेन्सिलीचा नव्हे. त्याच १९४५ मध्ये, तेव्हा उंबरगाव तालुक्यात असलेल्या झरी गावी वारली जमले आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्यांनी वेठ नाकारली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जो सावकाराचा लग्नगडी होतो, त्याच्या मुलाला शाळेत जा म्हणणं ही थट्टाच. हा क्रम मला मान्य आहे. पण बाप वेठीतून सुटला म्हणून लेक मोकळी होत नव्हती. आई मजुरीला गेली की धाकटं भावंड तिच्याच गळ्यात. हे ओळखलं ताराबाई-अनुताईंच्याच कोसबाडच्या विकासवाडीने: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा तिथे एकत्र आणली. थोरलीने कडेवरचं पोर पाळणाघरात द्यायचं आणि आपण वर्गात जाऊन बसायचं.