मिरर लेक : काच, पाणी आणि वाळू

कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीच्या पूर्व टोकाला, हाफ डोम या ग्रॅनाइटच्या प्रचंड कड्याच्या पायथ्याशी मिरर लेक नावाचे लहानसे सरोवर आहे. कड्यांवरून कोसळलेल्या शिळांनी टेनाया ओढ्याचे पाणी अडवले आणि हे सरोवर तयार झाले. तेथे जाण्याची वाट सोपी आहे. सकाळी शिदोरी बांधून निघालेली मित्रमंडळी दुपारपर्यंत सहज परतू शकतात. परतताना बहुतेकांजवळ एकच छायाचित्र असते : वर कडा आणि खाली त्याचे उलटे प्रतिबिंब. या छायाचित्राला स्वतःचा इतिहास आहे आणि सरोवराच्या इतिहासापासून तो वेगळा काढता येत नाही, एवढेच आम्हांला येथे मांडावयाचे आहे.

1861 च्या उन्हाळ्यात कार्लटन वॉटकिन्स हा छायाचित्रकार खेचरांवर सामान लादून या दरीत उतरला. त्याच्या मोठ्या कॅमेऱ्यातील काच सुमारे 18 इंच रुंद व 22 इंच लांब होती. त्या काळातील ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा लेप द्यावयाचा, तो ओला असतानाच छायाचित्र घ्यावयाचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते धुवावयाचे. हे सारे डोंगरात, धुळीत आणि उन्हात. अशा 30 मोठ्या काचा त्याने त्या मोसमात तयार केल्या. मिरर लेकमध्ये ज्याचे प्रतिबिंब पडते, त्या एका शिखराला पुढे त्याचेच नाव मिळाले.

वॉटकिन्सच्या चित्रांतील विलक्षण शांतता पुष्कळदा वाखाणली जाते. ती शांतता काही अंशी त्या तंत्राचीच देणगी होती, हे मात्र ध्यानात घ्यावयास हवे. प्रकाश दीर्घकाळ आत घ्यावा लागे. त्यामुळे हलणारे पाणी गुळगुळीत दिसे आणि चालता माणूस काचेवर उमटतच नसे. निळ्या रंगाला ते रसायन अतिसंवेदनशील असल्याने आकाश कोरे, ढगांविना येई. जणू काही नुकतेच निर्माण झालेले, अद्याप कोणीही न पाहिलेले जग!

प्रत्यक्षात ते जग दहाच वर्षांपूर्वी रिकामे करण्याचा प्रयत्न झाला होता. सोन्याच्या शोधात आलेल्यांचा आणि मूळ रहिवाशांचा संघर्ष पेटल्यावर मार्च 1851 मध्ये मारिपोसा बटालियन ही सशस्त्र तुकडी आवाहनीची लोकांना हुसकावण्यासाठी दरीत शिरली. त्याच वर्षी वरच्या डोंगरातील एका सरोवराकाठी त्यांतील काहींना पकडण्यात आले. तुकडीतील लाफायेट बनेल याने त्या सरोवराला त्यांच्या प्रमुखाचे, टेनायाचे, नाव दिले. बनेलने 1880 च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे की, या सन्मानाने टेनाया सुखावला नाही. सरोवराला आधीपासूनच नाव आहे, असे त्याने सांगितले. ते नाव होते पायवीअॅक, आणि त्याचा संबंध चकाकणाऱ्या खडकांशी होता. मिरर लेकमध्ये येणारा ओढा त्याच वरच्या सरोवरातून निघतो. म्हणजे ज्या पाण्यात आपण कड्याचे प्रतिबिंब शोधतो, ते पाणीच एका पराभूत माणसाचे नाव घेऊन खाली येते.

वॉटकिन्सच्या छायाचित्रांनी पूर्वेकडील लोकमत घडवण्यास हातभार लावला, असे इतिहासकार मानतात. 30 जून 1864 रोजी, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकन यांनी ही दरी सार्वजनिक उपयोगासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यांनी ही दरी कधीच पाहिली नव्हती. जंगल वाचले, हे या कायद्याचे मोठेच श्रेय. परंतु जे वाचवावयाचे ते निर्मनुष्य असते, ही समजूतही त्याबरोबर रुजली. दरीत तग धरून राहिलेल्या आदिवासी वस्तीची घरे 1969 पर्यंत पाडण्यात आली.

आणि सरोवर? ओढा दरवर्षी वाळू आणतो आणि सरोवर भरत जाते. अशा सरोवराचे कुरण होणे हा भूगोलाचा साधा क्रम आहे. प्रतिबिंब टिकावे म्हणून कित्येक वर्षे ही वाळू उपसली जाई आणि हिवाळ्यात रस्त्यांवर टाकली जाई. चित्राबरहुकूम सरोवर राखण्याचा हा उद्योग अखेर 1971 मध्ये थांबवण्यात आला.

आम्ही मित्रांसमवेत तेथे गेलो ते उन्हाळा सरता-सरता. पाणी उरले होते ते डबक्यांपुरते. बाकी वाळू आणि कडेने वाढलेले गवत. सोबत्यांचे कॅमेरे काही वेळ गळ्यातच राहिले. मग एकाने डबक्यापाशी ओणवे होऊन हवे ते प्रतिबिंब मिळवलेच! त्या चौकटीत वाळू येणार नाही, याची काळजी त्याने घेतली होती.

खुद्द वॉटकिन्सच्या वाट्याला काय आले? कर्जापायी त्याच्या काचा 1870 च्या दशकात दुसऱ्याच्या हाती गेल्या. नंतर नव्याने जमवलेला संग्रह सॅन फ्रान्सिस्कोच्या 1906 च्या भूकंपानंतरच्या आगीत भस्मसात झाला, आणि 1916 मध्ये मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. ज्याने इतरांसाठी एक दृश्य कायम केले, त्याला स्वतःच्या काचाही राखता आल्या नाहीत.

जतन करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न येथे उरतो. 1971 मध्ये वाळू उपसणे थांबले, तेव्हा चित्राऐवजी ओढ्याचे म्हणणे मान्य झाले. टेनायाचे म्हणणे मान्य होण्यास मात्र याहून अधिक काळ लागतो आहे. अलीकडे त्याच्या वंशजांना दरीतील जुन्या वस्तीच्या जागी पुन्हा आपली पारंपरिक घरे उभारता येऊ लागली आहेत. पुढल्या खेपेस सरोवराकडे जाणाऱ्यांनी कॅमेरा अवश्य न्यावा. फक्त चौकट थोडी रुंद ठेवावी, वाळू आणि माणसे आत येतील इतकी.