देवीचा शेवटचा बळी

माझ्या दंडावर देवीच्या लसीचे दोन वण आहेत. या मांडवात पन्नाशी उलटलेले जे श्रोते बसले आहेत, त्यांनी बाही वर सारली तर बहुतेकांच्या दंडावर तेच सापडतील. तरुण मंडळींच्या दंडावर ते नाहीत, कारण ती टोचून घेण्याची गरजच पुढे उरली नाही. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील मेर्का गावी अली माओ मालिन या इस्पितळातल्या स्वयंपाक्याला देवी आल्या. तो बरा झाला, आणि निसर्गतः देवी आलेला जगातला तो शेवटचा माणूस ठरला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. परंतु या दोन घटनांच्या मधे एक बाई देवीने दगावली, आणि तीही इंग्लंडात. आजचे माझे बोलणे तिच्याविषयी आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. विषाणूशास्त्रातले मला फारसे कळते असा दावा नाही. कामाची जागा मात्र मला कळते.

बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात देवीच्या विषाणूंची एक प्रयोगशाळा होती. प्रोफेसर हेन्री बेडसन तिचे प्रमुख. तिच्या वरच्या मजल्यावर शरीररचनाशास्त्राचे खाते होते आणि तेथे जॅनेट पार्कर ही चाळीस वर्षांची बाई फोटोग्राफर म्हणून नोकरीस होती. प्रयोगशाळेशी तिचा कामाचा संबंध नव्हता. ११ ऑगस्ट १९७८ रोजी ती आजारी पडली. अंगावर पुरळ उठले, पण देवीची शंका कोणाला यावी कशी? रोग तर जगातून गेलेला! २४ तारखेस तिला इस्पितळात हलवले, तेव्हा कुठे खरा प्रकार उघड झाला. तिच्या संपर्कात आलेल्या पाचशेहून अधिक लोकांना लस टोचावी लागली. ५ सप्टेंबरला तिचे वडील विलगीकरणात असतानाच वारले. हृदय बंद पडले असावे असा कयास होता. त्याच सुमारास बेडसन यांनी आपल्या घरी आत्महत्येचा मार्ग पत्करला आणि ७ सप्टेंबरला त्यांचा अंत झाला. ११ सप्टेंबरला जॅनेट पार्कर गेली. तिच्या आईलाही देवी आल्या होत्या, पण सौम्य, ती वाचली.

सरकारने प्रोफेसर शूटर यांच्याकडे चौकशी सोपवली. या बाईला कामाच्या जागीच लागण झाली याविषयी त्यांना शंका वाटली नाही. तिला झालेला विषाणू ‘अबिद’ नावाच्या वाणाचा होता. ज्या तीन वर्षांच्या पाकिस्तानी मुलापासून तो मिळाला त्याचेच हे नाव. २४ आणि २५ जुलैला खाली त्याच वाणावर काम चालले होते. नळ आणि तारा नेण्यासाठी इमारतीतून जी उभी पोकळी ठेवलेली असते, तिच्यातून हवेबरोबर विषाणू वरच्या एका खोलीत गेला असावा, असा समितीचा कल होता. त्या खोलीत टेलिफोन होता. आर्थिक वर्ष संपत आलेले. आपल्याकडे मार्चअखेर कचेऱ्यांत जी धांदल उडते, ती तेथे जुलैत होती. म्हणून फोटोच्या सामानाची मागणी नोंदवीत पार्करबाई २५ जुलैला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ तेथे बसल्या होत्या.

अशा प्रयोगशाळेचे तत्त्व सांगायला सोपे आहे. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवायचा, म्हणजे हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. बाहेर सोडायची ती गाळून सोडायची. माणसाने स्नान करून, कपडे बदलून निघायचे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आज या पद्धतीची सर्वांत वरच्या, म्हणजे चौथ्या पातळीची प्रयोगशाळा आहे. बर्मिंगहॅमची व्यवस्था आपल्या अपेक्षेस उतरत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासनिसांनी बेडसनना सांगितले होते. पण किरकोळ बदल सुचवून ते परतले. इंग्लंडच्या तज्ज्ञमंडळाने तर दोनदा पाहणी करून काम चालू ठेवण्याची शिफारस केली. बेडसननी संघटनेला कळवले की काम कमी होत आले आहे. वस्तुतः ते वाढले होते, कारण प्रयोगशाळा १९७८ अखेर बंद व्हायची होती. मुदतीच्या आत काम उरकण्याची घाई म्हणजे काय, हे यंत्रावर उभे राहिलेल्याला सांगायला नको. बेडसन यांना मी निर्दोष म्हणत नाही. पण दोनदा पाहून मान डोलावणारे सगळे सुखरूप राहिले, हेही विसरवत नाही.

आणि इशारा मिळाला नव्हता असेही नाही. १९६६ साली त्याच विद्यालयातल्या एका फोटोग्राफरला सौम्य प्रकारच्या देवी आल्या होत्या आणि त्या भागात आणखी किमान बाराजणांना लागण झाली होती. त्याच वर्षी पार्करबाईंना लस टोचली गेली. बारा वर्षांत तिचा जोर ओसरला.

हे वाचताना मला माझेच एक पाप आठवले. एका रासायनिक कारखान्यात आम्ही मुखवट्यांसाठी सहा महिने भांडलो. यादी युनियनची, अक्षर माझे. तीत ॲसिड खात्यातला प्रत्येक माणूस होता. वर माळ्यावर हजेरी लिहिणारे दोन कारकून नव्हते. ते दिवसभर खोकत, आणि आम्ही त्यांची विडीवरून थट्टा करीत असू.

शूटर समितीचा अहवाल डिसेंबर १९७८ मध्ये तयार झाला, पण विद्यापीठावर खटला होणार म्हणून सरकारने तो दाबून ठेवला. जानेवारी १९७९ मध्ये तो लोकांपुढे आणला पार्करबाईंच्या युनियनने. क्लाइव्ह जेन्किन्स तिचे सरचिटणीस. खटल्याला बाध येईल असा आक्षेप होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पण त्या इमारतीत माणसे रोज कामाला जातच होती. त्यांनी निकालापर्यंत थांबायचे?

ऑक्टोबर १९७९ मध्ये दहा दिवस खटला चालला. पोकळीतून विषाणू वर गेला हे कोर्टाला पटले नाही आणि विद्यापीठ निर्दोष सुटले. तो वर गेला कसा, याचा निर्णय आजतागायत लागलेला नाही. सरकारी अहवाल रीतसर प्रसिद्ध झाला तो जुलै १९८० मध्ये, म्हणजे रोगाचे उच्चाटन जाहीर झाल्यानंतर. नवऱ्याच्या वतीने भरपाईचा दावा लढवला युनियननेच. ऑगस्ट १९८१ मध्ये त्याला पंचवीस हजार पौंड मिळाले.