टेलिकेअर (वृद्धांच्या पडण्यासंदर्भात)

घरी एकट्या राहणाऱ्या, तोल जाण्याचा धोका असलेल्या व्यक्तीला दूरच्या मदत केंद्राशी जोडणारी यंत्रणा. ब्रिटनमध्ये ती चांगली रुजली आहे. गळ्यातले किंवा मनगटावरचे बटण दाबले की घरातल्या यंत्रावरून केंद्राला फोन लागतो. कर्मचारी त्याच यंत्राच्या स्पीकरवरून विचारपूस करतो आणि नातेवाइकाला बोलवायचे की रुग्णवाहिका, ते ठरवतो. मदतीला आलेल्याला दार उघडता यावे म्हणून बाहेर भिंतीवर आकड्यांच्या कुलपाच्या पेटीत किल्ली ठेवतात.

हे बटण पडणे टाळत नाही. जमिनीवर पडून राहण्याचा वेळ तेवढा कमी करते. पण बऱ्याचदा मोडलेल्या हाडाइतकाच हा वेळही महत्त्वाचा ठरतो. तासन्‌तास पडून राहिल्यास अंग गार पडते, शरीरातले पाणी कमी होते, दाबामुळे कातडीला जखमा होतात आणि स्नायूंच्या पेशी नष्ट होऊन मूत्रपिंडांना इजा पोचू शकते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील १९८१ च्या अभ्यासात तासाहून अधिक काळ पडून राहिलेल्यांपैकी निम्मे सहा महिन्यांत दगावल्याचे आढळले, प्रत्यक्ष दुखापत नसतानाही.

मात्र बटण दाबायला माणूस तयार हवा. केंब्रिजमधील नव्वदीपुढच्या वृद्धांच्या अभ्यासात (२००८), बटण घरात असूनही, एकटे असताना पडलेल्या आणि उठता न आलेल्या सुमारे ८० टक्क्यांनी ते वापरले नव्हते. काहींनी ते घातलेले नसते. काहींना कोणाला त्रास देणे नको असते, तर काही स्वतःच उठायची खटपट करत राहतात. 

म्हणून पडणे आपोआप ओळखणारी साधने आली. मनगटी घड्याळातला संवेदक जोराचा आघात आणि नंतरची निश्चलता टिपतो. ॲपलच्या घड्याळात ही सोय २०१८ पासून आहे. खुर्चीवरून हळूच घसरलेला माणूस मात्र त्याच्या नजरेतून निसटू शकतो. गादीखालच्या संवेदक पट्टीचे काम निराळे : रात्री उठलेली व्यक्ती ठरलेल्या वेळात परतली नाही तर केंद्राला कळते. उठताच दिवा लावण्याची जोड दिल्यास अंधारात ठेचकाळणेही टळू शकते.

अशी अनेक यंत्रे ज्यावर चालत आली, ती ब्रिटनमधील जुन्या तारांची दूरध्वनी सेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद व्हायची आहे. डिजिटल जोडणी वीज गेली की मुकी होते. बदलादरम्यान काही यंत्रे निकामी झाल्याने डिसेंबर २०२३ मध्ये ग्राहकांचे डिजिटल जोडणीवरील सक्तीचे स्थलांतर थांबवावे लागले. आता यंत्राइतकीच त्याच्या बॅटरीची चौकशी करावी लागते.