टायर, रेती आणि पंक्चरवाला

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीनंतर त्याचं शिक्षण सुटलं. आता त्याच्याकडे एक जुनी पिकअप आहे. शेतातल्या चाळीतून कांदा भरायचा आणि बाजार समितीत नेऊन उतरवायचा, हा त्याचा धंदा. म्हणाला, "सर, टायर बदलायचेत. दुकानदार सांगतो, रस्ता, चिखल, रेती सगळीकडे चालणारे 'ऑल टेरेन' घे. पैसे बरेच जास्त लागतात. घेऊ का?"

मी भाषा शिकवणारा माणूस. म्हटलं, "अरे, तुझे अब्बा तीस वर्षं पंक्चरचं दुकान चालवतात. त्यांना विचार ना!" त्यावर तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "बाजारात कुणाशी वाद झाला की लोक त्यावरूनच बोलतात, सर. 'जा, पंक्चर काढ जा.'"

हा टोमणा आपल्याला नवा नाही. आपल्या समाजातल्या मुलांना तो शाळेत, कॉलेजात, मोबाइलवर ऐकावा लागतो. पण त्या दिवशी माझ्या मनात वेगळाच प्रश्न आला. ज्या टायरवरून आपल्याला हिणवलं जातं, त्याचा इतिहास आपल्याला तरी कुठे माहीत आहे? म्हणून वाचायला बसलो.

आपल्या बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असते. लोहार ती तापवून चाकावर बसवतो आणि पाणी ओततो, मग ती आवळून घट्ट बसते. धाव टिकाऊ खरी, पण कडक. प्रत्येक खड्डा गाडीला आणि बैलाच्या मानेला जाणवतो. रबर मऊ, पण उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर तापवायची युक्ती सापडली आणि रबर टिकाऊ झालं. हा माणूस १८६० मध्ये कर्जातच मेला. हवा भरलेल्या चाकाचं पेटंट रॉबर्ट थॉमसननं १८४५ मध्येच घेतलं होतं, पण ते मागे पडलं. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरनं मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी पुन्हा तेच केलं आणि जग हवेवर धावू लागलं.

या हवेची किंमत दुसऱ्यांनी मोजली. रबराची मागणी वाढली तेव्हा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या ताब्यातल्या काँगोमध्ये गावकऱ्यांकडून जंगलातलं रबर सक्तीनं गोळा करून घेतलं जाई. त्या राजवटीत माणसांचे हात तोडले गेले, त्याची छायाचित्रं आजही पाहवत नाहीत. टायरच्या इतिहासात कंपन्यांची नावं ठळक असतात, हातांची नसतात.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. रस्ता नसेल तिथे कोणतं चाक चालतं? याची सर्वांत कठीण परीक्षा इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात झाली.

१९२३ मध्ये अहमद हसनैन या इजिप्शियन प्रवाशानं उंटांवरून सुमारे ३,५०० किलोमीटर वाळवंट पार करून उवैनातचा डोंगर जगाच्या नकाशावर आणला. सूरह अल-गाशियामध्ये उंटाच्या रचनेकडे पाहायला सांगितलंय, ते इथे आठवतं. उंटाचं पाऊल रुंद आणि मऊ असतं, वजन पडलं की पसरतं, म्हणून तो रेतीत रुतत नाही. हसनैननंतर इजिप्तचे शहजादे कमालुद्दीन हुसेन रणगाड्यासारखे पट्टे लावलेल्या सित्रोएन गाड्या घेऊन त्याच भागात गेले. पट्ट्यांनी गाड्या रेतीवर चालल्या, पण अशी गाडी जड, संथ आणि इंधन खाणारी.

मग राल्फ बॅगनॉल्ड हा इंग्रज लष्करी अधिकारी साध्या फोर्ड गाड्या घेऊन आला. १९२९ आणि १९३० च्या मोहिमांत तो 'ग्रेट सँड सी' या रेतीच्या समुद्रात शिरला. त्याची युक्ती ऐकायला फार साधी आहे: टायर रुंद घ्या आणि त्यातली हवा कमी करा. हिशेब आपल्या सातवीच्या पोरालाही जमेल. चाकावर ५०० किलो भार आहे आणि टायरमध्ये हवा ५० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण साडेतीन किलो. अशा चाकाचा जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानानं १४० चौरस सेंटिमीटर. हवा २० पौंडांवर आणली की तोच भाग साडेतीनशेच्या पुढे जातो. गाडी तीच, वजन तेच, पण पाऊल उंटाचं झालं!

दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, याच बॅगनॉल्डनं कैरोत 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' उभा केला. शत्रूच्या पाठीमागे शेकडो किलोमीटर जाऊन टेहळणी करायची आणि छापे घालायचे, हे या तुकडीचं काम. तिच्या मुख्य गाड्या म्हणजे दीड टनी शेव्हरोले ट्रक, त्याला रुंद, कमी दाबाचे टायर. दीड टन, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याची पिकअप साधारण ज्या वर्गातली, तोच वर्ग.

१९४२ मध्ये या ग्रुपबरोबर 'इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन' ही हिंदी सैनिकांची तुकडीही होती. तिच्या गस्ती तुकड्या इंग्रजांच्या सवयीप्रमाणे जात-धर्मावर पाडलेल्या: जाट, पंजाबी मुसलमान, राजपूत, शीख. नावं वेगळी, पण रेती एकच. गाडी रुतली की चौघांनाही फावडंच घ्यावं लागे. चाकाखाली लोखंडी पट्ट्या सरकवायच्या, हवा सोडायची, कठीण जमीन लागली की परत भरायची. आणि टायर फाटला तर? सिंगापूर त्याच वर्षी फेब्रुवारीत पडलं होतं, जगातल्या बहुतेक नैसर्गिक रबराचे मळे जपानच्या हाती गेले होते आणि अमेरिकेत टायरचं रेशनिंग सुरू झालं होतं. म्हणजे तेव्हा टायर सोन्यासारखा होता. तिथे पंक्चर काढणं हा कमीपणा नव्हता. जगायचं असेल तर ते यायलाच हवं होतं.

युद्धानंतर टायर आतून बदलला. मिशेलिन कंपनीनं १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं. आपल्याकडचे ड्रायव्हर जुन्या पद्धतीच्या टायरला 'नायलॉन' म्हणतात. त्यात आतल्या दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे असतात. रेडियलमध्ये ते दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे जातात आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे रेडियल कमी तापतो, डांबरी रस्त्यावर जास्त टिकतो. नायलॉनची बाजू जाड असते, दगड आणि जास्तीचं ओझं ती बरं सोसते. 'ऑल टेरेन' ही या सगळ्यातली तडजोड. नक्षी रस्त्याच्या टायरपेक्षा मोकळी, चिखलाच्या टायरपेक्षा बंद. तो सगळीकडे चालतो याचा अर्थ सगळीकडे उत्तम चालतो असा नाही.

हे वाचून झाल्यावर मी त्या मुलाला बोलावलं. विचारलं, "दहा किलोमीटरमधले मातीवर किती?" म्हणाला, "एखादा. पण तोच काळ्या मातीचा." ओली काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते, मग नक्षी असून नसल्यासारखी. गाडीला जोर मागच्या चाकांचा. म्हणजे मागे खोल, मोकळ्या खाचांचे टायर हवेत, पुढे मात्र उभ्या रेघांचे साधे चालतात, स्टेअरिंग हलकं राहतं. चारही महागडे घ्यायची गरज नाही. मात्र भार पेलण्याचा आकडा कंपनीनं गाडीला ठरवून दिलेल्यापेक्षा कमी नको. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायचे: २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात वर्षानुवर्षं पडून कडक झालेला टायर 'नवा' म्हणून गळ्यात पडू नये. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली की १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला.

मग आम्ही दोघं त्याच्या अब्बांच्या दुकानात गेलो. दुपारची वेळ होती. मी माझं सगळं वाचन त्यांना ऐकवलं, अगदी बॅगनॉल्डसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून पिकअपच्या मागच्या टायरवरून तळहात फिरवला आणि मुलाला म्हणाले, "मधोमध झिजलाय बघ. कडा शाबूत आहेत. भरल्या गाडीची हवा मारतोस आणि येताना रिकाम्या गाडीला तीच ठेवतोस. कितीही महाग टायर घे, असाच खाशील." पुढच्या टायरची एकच कड झिजली होती. ते पाहून म्हणाले, "आधी अलाइनमेंट कर. टायर नंतर."

मी चार पुस्तकं वाचून जे सांगत होतो, ते या माणसानं तळहातानं वाचलं. शाळेत आम्ही मुलांना अक्षरं वाचायला शिकवतो आणि समजतो की वाचणं तेवढंच.

आपल्या मुलांनी शिकावं, इंजिनियर व्हावं, टायर बनवणाऱ्या कारखान्यात अधिकारी व्हावं, हे मी वर्गात रोज सांगतो आणि सांगत राहीन. पंक्चरच्या दुकानाशिवाय दुसरी वाटच नसणं, ही आपल्या समाजाची खरी तक्रार आहे आणि ती मांडायलाच हवी. पण ती वाट चाललेल्या बापाची शरम वाटणं, हे टोमणा मारणाऱ्याचं काम आपण स्वतःच पूर्ण करून देणं झालं.

मुलानं अलाइनमेंट केली, मागचे दोन टायर घेतले, पुढचे अजून चालवतोय. परवा फोन आला, "सर, आता येताना हवा कमी करतो. अब्बा विचारतात रोज."