श्वासावरचा पहारा

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेची पथके राज्यभर घरोघर जाऊ लागली. नाशिककरांनाही ती आठवत असतील. बोटाला एक चिमटा लावायचा, आकडा वाचायचा आणि तो ९५ च्या खाली असेल तर माणसाला पुढच्या तपासणीसाठी पाठवायचे. श्वासावर घरबसल्या नजर ठेवण्याचा एवढा मोठा प्रयोग आपल्याकडे पूर्वी झाला नव्हता.

या चिमट्यामागची कल्पना जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची. प्राणवायूने भरलेले रक्त तांबडा प्रकाश जास्त जाऊ देते, अवरक्त प्रकाश कमी. नाडीच्या ठोक्याबरोबर या दोन्हींत होणारा बदल मोजला की रक्तातील प्राणवायूचा अंदाज येतो. (अंधाऱ्या खोलीत विजेरीवर बोट ठेवून वर्गात दाखवा. बोट तांबडेच का उजळते, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतील.)

त्याआधी पहारा माणसाचाच असे. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. श्वासयंत्रे अपुरी पडली, तेव्हा ब्यर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घातली गेली आणि वैद्यकीचे विद्यार्थी पाळीपाळीने रबरी पिशवी हाताने दाबत बसले. असे सुमारे १५०० विद्यार्थी या कामी आले. येथे यंत्र आणि पहारेकरी एकच होते. रुग्णाचा चेहरा बदलला की हाताची गती बदले.

१९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिवन यांनी झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णांना नाकावाटे दाबाने हवा देण्याचा उपाय प्रसिद्ध केला. आता यंत्र घरी गेले, पहारेकरी मात्र रुग्णालयातच राहिला. ही उणीव पुढे मोबाइलच्या जाळ्याने भरून काढली. यंत्र किती तास चालले, मुखवट्यातून हवा किती गळली, श्वास किती वेळा अडला, हे आज दूरच्या डॉक्टरांना पडद्यावर दिसते.

पण कधी दिसते? अशी अनेक यंत्रे रात्रीचा हिशेब सकाळी पाठवतात. घोरणाऱ्या माणसाला तेवढे पुरे. स्नायूंच्या आजारामुळे ज्याचा प्रत्येक श्वास यंत्रावर अवलंबून आहे, त्याला कालचा हिशेब काय कामाचा? आणि घरातील वीज गेली तर नोंद पाठवणारे यंत्रच मुके होते. पलीकडच्या पडद्याला रुग्ण संकटात आहे की यंत्र बंद करून गावाला गेला आहे, हे कळत नाही. माझ्या मते याला नोंदवही म्हणावे, पहारा म्हणू नये.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. नळातील दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. तेथे रुग्ण नजरेआड नव्हते, डॉक्टर आणि परिचारिका जवळच होत्या. बिघाड झाला तो खाटेपासून दूर, इमारतीबाहेरच्या टाकीपाशी.

घरी टाकीच्या जागी विजेची तार असते. हवेतून प्राणवायू वेगळा करणारे यंत्र वीज जाताच थांबते. म्हणून अशा घरात भरलेला सिलिंडर तयार ठेवावा लागतो, आणि त्याची चावी कोणत्या बाजूला फिरवायची हे घरातल्या किमान दोघांना शिकवून ठेवावे लागते.