इब्लिसाची पूर्वपीठिका

‘सैतान’ हा शब्द मराठींत इतका रुळला आहे कीं, घरांतील व्रात्य पोरालाहि आपण तो सहज बहाल करतों. परंतु अरबी ‘शैतान’ व त्याचें कुराणांतील विशेषनाम ‘इब्लिस’ यांच्या पोटीं किती निरनिराळ्या काळांच्या कल्पना एकवटल्या आहेत, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

‘शैतान’ या शब्दाचें हिब्रू ‘सातान’ या शब्दाशीं उघड नातें आहे. हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ प्रतिपक्षी. ईयोबाच्या ग्रंथांतील हा प्रतिपक्षी देवाचा शत्रु नव्हे. तो देवाच्याच दरबारांत उभा राहतो व देवाच्या अनुज्ञेनें ईयोबाचें सत्त्व पाहतो. ख्रिस्तपूर्व काळांत ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनीं या शब्दासाठीं ‘दिआबोलोस’, म्हणजे निंदक, असा शब्द योजला. ‘इब्लिस’ हें त्याचेंच अरबी रूप असावें, असें अनेक पाश्चात्य पंडित मानतात. अरबी कोशकार मात्र तें ‘निराश होणें’ या अर्थाच्या धातूपासून साधितात. इस्लामपूर्व अरबांचा शैतान निराळाच होता. तो होता कवीला काव्य सुचविणारा जिन, म्हणजे एक अदृश्य योनि.

कुराणांत इब्लिसाच्या अवज्ञेची कथा सात सुऱ्यांत येते. देवानें मातीचा आदम घडविला व देवदूतांना त्याच्यापुढें नमण्याची आज्ञा केली. सर्व नमले, इब्लिस नमला नाहीं. आपण अग्नीपासून झालों, हा मातीपासून, असा त्याचा युक्तिवाद. बायबलाच्या उत्पत्तिग्रंथांत ही कथा नाहीं. परंतु आदम व हव्वा यांच्या लॅटिन चरित्रांत आणि सीरियाक भाषेंतील ‘खजिन्यांची गुहा’ या ख्रिस्ती ग्रंथांत ती आढळते.

तथापि कथा कोठें कोठें आढळते, एवढ्यानें प्रश्न संपत नाहीं. शेजारच्या इराणांत अहरिमन हा देवाच्या तोडीचा, स्वयंभू प्रतिस्पर्धी मानला जात असे. एकेश्वरी इस्लामांत अशा दुसऱ्या सत्तेला जागाच नव्हती. म्हणून इब्लिस पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत मुदत मागतो, ती त्याला मिळते, व तेवढ्या मुदतीवरच तो जगतो.

येथून पुढचा पेंच भाष्यकारांना पडला. आज्ञा देवदूतांना होती, आणि देवदूत तर अवज्ञा करीत नाहींत. शिवाय अठराव्या सुऱ्यांत तो जिनांपैकीं असल्याचें म्हटलें आहे. हसन बस्री (मृत्यु 728) याच्या मतें इब्लिस क्षणभरहि देवदूत नव्हता. उलट, तो पूर्वी अझाझील नांवाचा देवदूत होता, अशाहि परंपरा तबरीनें (मृत्यु 923) नोंदविल्या आहेत. हा केवळ शब्दच्छल नव्हे. निष्कलंक देवदूतच बिघडला असेल, तर पापाचें बीज कोठून आलें? तो स्वेच्छेनें वागणारा जिन असेल, तर दोष त्याचाच. 922 सालीं बगदादेंत देहान्त शिक्षा झालेल्या हल्लाज या सूफीनें तर, देवावांचून इतर कोणापुढें न नमणारा एकनिष्ठ भक्त म्हणूनहि इब्लिसाकडे पाहिलें.

मग माणसाच्या पापाचें काय? चौदाव्या सुऱ्यांत न्यायाचा निवाडा झाल्यावर शैतान आपल्या अनुयायांना सांगतो कीं, माझी तुमच्यावर सत्ता नव्हती. मीं केवळ हांक मारली, तुम्हीं ओ दिली. आतां मला दोष न देतां स्वतःला द्या. इतक्या देशांतून व भाषांतून आलेल्या या पात्रावर माणसाच्या पापाचा भार टाकण्याची सोय कुराणानें ठेवली नाहीं, हेंच त्याच्या इतिहासांतील मर्म होय.